शिडाला हात लावणाऱ्या बायका

माझे आजोबा गलबतावर तांडेल होते. बाणकोटच्या खाडीतून कधी लाकूडफाटा, कधी भात, कधी कौलं भरायची आणि वाऱ्याच्या मर्जीनं मुंबईचं बंदर गाठायचं, हा त्यांचा जन्माचा धंदा. नारळी पौर्णिमा झाली की गलबत पाण्यात लोटलं जाई. मी सहा-सात वर्षांचा होतो, म्हणजे १९७५-७६चा सुमार. आजोबांनी मला बखोटीला धरून गलबतावर चढवलं. माझी आपा माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तीही धावत आली आणि तिनं पाय उचलला. तेवढ्यात काठावरून दादी ओरडली. आपाचा पाय तसाच मागे आला.

दादीचं म्हणणं साधं होतं. बाईनं गलबताच्या कामाला हात लावायचा नाही, दर्याला ते सोसत नाही. प्रवासाला बाई चालते. तरीतून खाडी ओलांडायला आमच्याकडच्या सगळ्या बायका बसायच्या. पण तेव्हा ती उतारू असते, भाताच्या पोत्यासारखी एका जागी बसून राहणारी. शीड, सुकाणू, नांगर यांच्याशी तिचा संबंध नाही.

आता गंमत अशी की, मी त्या दिवशी खाडीच्या तोंडापर्यंतही टिकलो नाही. लाटा लागल्या आणि मी ओकून ओकून आडवा झालो. त्यानंतर मी दर्यावर फारसा गेलोच नाही, कविता करत बसलो. आणि आपा? चंद्राची तारीख सांगितली की ती बोटांवर मोजून उधाण कधी, भांग कधी, भरती किती वाजता लागेल, हे सांगायची. पहाटेचा मतलई वारा पडून खारा वारा कधी सुटेल, ते तिला अंगणात उभं राहून कळे. घरात दर्या कुणाला येत असेल, तर तो तिला येत होता. तिला मात्र तो काठावरूनच बघायचा होता.

श्रोतेहो, आज मला एका छोट्या शिडाच्या नौकेची आणि तिच्यावरच्या सहा जणींची गोष्ट सांगायची आहे. पण ती मुळापासून सांगायची, तर अडीचशे वर्षं मागे जावं लागेल.

दादीचा समज फक्त आमच्या खाडीपुरता होता, असं मला लहानपणी वाटायचं. पुढे वाचायला लागलो तेव्हा कळलं की, तो साऱ्या जगाचा समज होता. बाई जहाजावर आली की वादळ येतं, असं युरोपातले खलाशीही मानत. फ्रेंच आरमारात तर बाईला जहाजावर नेण्याची बंदीच होती. ही बंदी मोडून पृथ्वीला फेरी घालणारी पहिली ज्ञात स्त्री म्हणजे झान बारे. बर्गंडीतल्या एका गरीब घरात १७४० साली ती जन्मली. फिलिबेर कॉमेर्सों नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या घरी ती घरकाम बघायची. बुगेनव्हिल या दर्यावर्दीच्या जगप्रवासात कॉमेर्सोंची नेमणूक झाली. तेव्हा बारेनं पुरुषाचे कपडे चढवले, आपलं नाव 'झां' असं पुरुषी करून घेतलं आणि त्याचा नोकर म्हणून 'एत्वाल' जहाजावर ती चढली. १७६७च्या सुरुवातीला हे जहाज फ्रान्सहून निघालं.

कॉमेर्सोंचा पाय अधू होता. डोंगर चढायचा, झाडं उपटायची, त्यांची ओझी पाठीवर वाहून आणायची, ही कामं या 'नोकरा'कडे. ब्राझीलच्या किनाऱ्यावर त्यांना गर्द रंगाच्या पानांची एक वेल सापडली. मोहिमेच्या प्रमुखाचं नाव तिला मिळालं. आज आपल्या प्रत्येक गावातल्या कुंपणावर चढलेली बोगनवेल ती हीच. पुढच्या वेळी फाटकाजवळची बोगनवेल बघाल, तेव्हा झाडांच्या ओझ्याखाली वाकलेल्या त्या बाईची आठवण ठेवा.

बुगेनव्हिलच्या वृत्तान्तानुसार १७६८ साली ताहिती बेटावर तिचं बिंग फुटलं. सोबतच्या खलाशांना इतके महिने जे ओळखता आलं नव्हतं, ते बेटावरच्या लोकांनी पाहताक्षणी ओळखलं. त्याच वर्षाच्या अखेरीस जहाज मॉरिशसला पोचलं. तिथे कॉमेर्सों आणि बारे उतरले आणि जहाज त्यांना मागे ठेवून फ्रान्सला गेलं. कॉमेर्सों १७७३ साली तिथेच वारला. बारेनं पुढे एका फ्रेंच सैनिकाशी लग्न केलं आणि १७७५च्या आसपास ती मायदेशी परतली. तिची फेरी पूर्ण झाली, पण स्वागताला कुणी नव्हतं. १७८५ साली सरकारनं तिला वर्षाला २०० लिव्र पेन्शन दिली. २०१२ साली, म्हणजे तिच्या मृत्यूनंतर दोनशेहून अधिक वर्षांनी, वांग्या-बटाट्याच्या कुळातल्या एका वनस्पतीला तिचं नाव देण्यात आलं. हे मॉरिशस बेट लक्षात ठेवा. पुढे आपल्याला तिथे पुन्हा जायचं आहे.

नंतरच्या दोनशे वर्षांत वाफेच्या बोटी आल्या, बायका उतारू म्हणून हव्या तिथे जाऊ लागल्या. १९७८ साली क्रिस्टिना होइनोव्स्का-लिस्किएविच या पोलंडच्या बाईनं एकटीनं शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. पण एकटीनं जाणं वेगळं आणि चालकदलात असणं वेगळं. एकटीचा प्रश्न तिच्या स्वतःच्या हिमतीचा असतो. नौकेवर दहा माणसं असतात, तेव्हा प्रश्न असतो तो विश्वासाचा. रात्री मी झोपेन आणि सुकाणू तिच्या हाती देईन का? खलाश्याच्या धंद्यात याहून मोठा मान नाही. हा मान बायकांना द्यायला जग तयार नव्हतं.

ट्रेसी एडवर्ड्स या इंग्रज मुलीला तो मिळवायचा होता. १९८५-८६च्या व्हिटब्रेड जागतिक नौकाशर्यतीत तिला एका नौकेवर जागा मिळाली होती, ती स्वयंपाकीण म्हणून. आमच्या आजोबांच्या भाषेत 'भंडारी'. गलबतावर भात रांधणाऱ्याला भंडारी म्हणत. पुढच्या शर्यतीत आपण स्वतःची नौका न्यायची आणि तिच्यावर सगळ्या बायकाच घ्यायच्या, असं तिनं ठरवलं. पैसे द्यायला कुणी धजेना. या मुली समुद्रात मेल्या तर आपलं नाव खराब होईल, अशी कंपन्यांना धास्ती. ट्रेसीनं घर गहाण टाकलं आणि ५८ फुटांची एक जुनी नौका घेतली. मुलींनी स्वतः तासून, घासून, रंगवून ती उभी केली. तिचं नाव ठेवलं 'मेडन'. मदतीला आले ते जॉर्डनचे राजे हुसेन. एका नौकेवर काम करत असताना ट्रेसीची त्यांच्याशी ओळख झाली होती. त्यांच्या देशाच्या विमान कंपनीनं 'मेडन'चा खर्च उचलला. इंग्लंडमधल्या मुलींना इंग्लंडमध्ये न मिळालेला पैसा अम्मानहून आला. अरब देश आणि बायका यांच्याविषयी आपल्या मनात जी ठरावीक चित्रं असतात, त्यांत ही गोष्ट बसत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो.

२ सप्टेंबर १९८९ रोजी साउदम्प्टनहून शर्यत सुरू झाली. या मुली पहिला टप्पाही पार करणार नाहीत, असं जाणकार म्हणत होते. 'मेडन'नं पहिला टप्पा पार केला. दक्षिण महासागरातला उरुग्वे ते ऑस्ट्रेलिया हा दुसरा टप्पा आपल्या वर्गात चक्क जिंकला. त्यापुढचा न्यूझीलंडचा टप्पाही जिंकला. मे १९९० मध्ये ती परत आली, तेव्हा आपल्या वर्गात दुसरी होती. ब्रिटनचा त्या वर्षीचा 'यॉट्समन ऑफ द इयर' हा सन्मान ट्रेसीला मिळाला. तो मिळवणारी ती पहिली बाई. सन्मानाच्या नावातला 'मॅन' मात्र तसाच होता.

आता आपल्याकडे येऊ. नौदलातले निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी हे १९७१च्या युद्धात 'कामोर्ता' या युद्धनौकेचे कप्तान होते आणि वीरचक्राचे मानकरी होते. निवृत्तीनंतर ते साताऱ्यातल्या फलटणजवळ विंचुर्णीला राहत. समुद्रापासून इतक्या लांब, कोरड्या मुलखात बसून या माणसानं एक स्वप्न धरून ठेवलं होतं. भारतीय माणसानं, भारतात बांधलेल्या नौकेतून, एकट्यानं शिडाच्या बळावर पृथ्वीप्रदक्षिणा करावी. त्यासाठी गोव्यात मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत ५६ फुटांची नौका बांधली गेली. मांडवीचं वरच्या अंगाचं नाव 'म्हादई', तेच नौकेला दिलं. २००९च्या ऑगस्टमध्ये कमांडर दिलीप दोंदे मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये प्रदक्षिणा पुरी करून परतले. पुढे अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये त्याच नौकेतून कुठेही न थांबता फेरी पूर्ण केली.

मग पाळी आली मुलींची. भारतीय नौदलात स्त्री अधिकारी १९९२ पासून आहेत, पण प्रदक्षिणेला त्यांची नौका कधी निघाली नव्हती. सहा जणी निवडल्या गेल्या. कप्तान वर्तिका जोशी, प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, ऐश्वर्या बोड्डापाटी, विजया देवी आणि पायल गुप्ता. त्यांची गावं बघा. दोघी उत्तराखंडच्या, एक हिमाचलची, एक मणिपूरची, एक हैदराबादची. सहातल्या पाच जणींच्या राज्याला समुद्रच नाही. एकटी स्वाती तेवढी विशाखापट्टणमची. दिलीप दोंदे त्यांचे शिक्षक झाले. 'म्हादई'वर त्या शिडाचं काम शिकल्या, २०१६ साली मॉरिशसपर्यंत जाऊन आल्या. दिवाडीच्याच गोदीत 'म्हादई'ची धाकटी बहीण तयार झाली, तिचं नाव 'तारिणी'. ओडिशातल्या गंजाम जिल्ह्यात तारा-तारिणीचं देऊळ आहे, त्या देवीवरून हे नाव पडलं. तारून नेणारी ती तारिणी. आमची खाडीतली 'तर' आणि ही 'तारिणी' एकाच धातूतून आलेल्या.

५६ फूट म्हणजे किती? सतरा मीटर. साधारण दीड एसटी बस. एवढ्या जागेत सहा जणींचं झोपणं, रांधणं, अवजारं, शिडं आणि महिन्या-महिन्याचा शिधा. आणि जायचं किती? नौकेनं पृथ्वीप्रदक्षिणा केली असं म्हणायचं, तर काही अटी पाळाव्या लागतात. निघाल्या बंदरातच परत यायचं. सगळी रेखावृत्तं ओलांडायची. विषुववृत्त दोनदा ओलांडायचं. सुएझ किंवा पनामा कालव्याची पळवाट घ्यायची नाही. इंजिनाच्या बळावर पुढे सरकायचं नाही. आणि अंतर किमान २१,६०० सागरी मैल. हा आकडा कुणी मनानं काढलेला नाही. पृथ्वीच्या वर्तुळाचे ३६० अंश, प्रत्येक अंशाची ६० मिनिटं आणि एका मिनिटाला एक सागरी मैल. गुणाकार करून बघा. आपल्या हिशेबात ते सुमारे ४० हजार किलोमीटर होतात.

१० सप्टेंबर २०१७ रोजी 'तारिणी' गोव्याहून निघाली. त्या वर्षीची दिवाळी सहा जणींनी भर समुद्रात घालवली आणि नंतर ऑस्ट्रेलियाचं फ्रीमँटल बंदर गाठलं. तिथून न्यूझीलंडचं लिटलटन. १२ डिसेंबरला त्या तिथून सुटल्या आणि मग ४१ दिवस त्यांना बंदर नव्हतं. पॅसिफिकच्या त्या दक्षिण पट्ट्यात वाऱ्याला अडवायला जमीनच नाही. पृथ्वीभोवती तो मोकाट फिरत राहतो, त्याच्याबरोबर लाटाही वाढत जातात. चाळीस अंशांच्या खालच्या या वाऱ्यांना खलाशांनी 'गर्जणारे' असं नाव दिलं आहे. तिथे 'तारिणी'ला ६० नॉटपेक्षा जास्त, म्हणजे ताशी ११० किलोमीटरहून अधिक वेगाचा वारा आणि सात-सात मीटरच्या लाटा सोसाव्या लागल्या. सात मीटर म्हणजे दुमजली घर.

अशा वेळी नौकेवर काय करायचं असतं? शीड कमी करायचं. पूर्ण उतरवलं तर नौका लाटेच्या ताब्यात जाते, पूर्ण ठेवलं तर डोलकाठी मोडते. किती ठेवायचं, याचा अंदाज आणि ते अंधारात, बर्फगार पाण्यात, कमरेला दोर बांधून करणारे हात, या दोन गोष्टींवर सहा जीव उभे असतात. पाळ्या लावलेल्या असतात. दोघी वर असतात, तेव्हा बाकीच्या खाली ओल्या कपड्यांत डोळे मिटतात. मघाशी मी विश्वासाचं म्हटलं, ते हेच. १९ जानेवारी २०१८ रोजी त्यांनी केप हॉर्नला वळसा घातला. दर्यावर्दी लोक या टोकाला समुद्राचं एव्हरेस्ट मानतात. नंतर फॉकलंड बेटांवरचं पोर्ट स्टॅनली, मग केप टाउन.

खरी परीक्षा मात्र घराच्या वाटेवर झाली. केप टाउन सोडल्यावर हिंदी महासागरात 'तारिणी'च्या सुकाणूत बिघाड झाला. घर जवळ आलेलं, सगळं जग वाट बघत असलेलं. ठरल्या चार बंदरांत नसलेलं पाचवं बंदर घेणं, हा कप्तानासाठी सोपा निर्णय नाही. पण हट्टानं पुढे जाणारा तांडेल आजोबा कधी चांगला मानत नसत. बंदर दिसत असताना न थांबणं म्हणजे मस्ती, असं ते म्हणायचे. एप्रिलमध्ये 'तारिणी' दुरुस्तीसाठी मॉरिशसला वळली. अडीचशे वर्षांपूर्वी, १७६८ साली, झान बारे ज्या बेटावर उतरली तेच हे बेट. ती वेषांतर करून आली होती, या सहा जणी स्वतःच्या नावानं आणि गणवेशात आल्या. मधली अडीचशे वर्षं कशात गेली, ते या एका फरकात दिसतं.

२१ मे २०१८ रोजी, २५४ दिवसांनी, 'तारिणी' गोव्याला परतली. आवटींनी हा दिवस पाहिला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते गेले.

गोष्ट इथे संपली नाही. जुनी 'मेडन' मधल्या काळात कुठे तरी सडत पडली होती. ट्रेसीनं ती शोधून, दुरुस्त करून पुन्हा पाण्यात उतरवली. १० सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे 'तारिणी' निघाली त्याच तारखेला, ती साउदम्प्टनहून ओशन ग्लोब शर्यतीला निघाली आणि २०२४च्या एप्रिलमध्ये ती शर्यत तिनं जिंकली. केवळ बायकांच्या चालकदलानं जगप्रदक्षिणेची शर्यत जिंकण्याची ही पहिली वेळ. त्या चालकदलात 'तारिणी'वरची पायल गुप्ता होती. आणि स्वतः 'तारिणी' २ ऑक्टोबर २०२४ रोजी पुन्हा निघाली, या वेळी दिलना आणि रूपा या दोनच अधिकाऱ्यांना घेऊन. २९ मे २०२५ रोजी त्या दोघीही सुखरूप परतल्या.

'तारिणी' पहिल्यांदा परतली, त्या दिवशी मी आपाला फोन केला होता. तिनं टीव्हीवर सगळं बघितलं होतं. मला वाटलं, ती भरून येऊन काही बोलेल. तिनं विचारलं, "सुकाणू मोडल्यावर त्यांनी आधी शीड उतरवलं की तोंड वाऱ्यात घातलं?" मला उत्तर देता आलं नाही. "तू कशाला गेलास रे त्या गलबतावर?" ती म्हणाली आणि हसली. ते हसणं मला आजही नीट झोपू देत नाही.

दादीला मी दोष देत नाही. तिनं दर्याला माणसं दिली होती, त्यामुळे ती भीतीपोटी बोलत होती. पण भीतीचा नियम झाला आणि तो नियम फक्त मुलींना लागू झाला. मला ओकाऱ्या झाल्या तरी आजोबांनी पुढच्या वर्षी पुन्हा विचारलं होतं, येतोस का? आपाला एकदाही कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

मागच्या वर्षी आम्ही दोघं गोव्याला गेलो होतो. जुन्या गोव्याहून फेरीबोटीनं दिवाडीला जाताना मांडवीचं पाणी चढत होतं. साठी ओलांडलेली आपा कठड्याला धरून उभी राहिली. पाण्याकडे बघून तिनं बोटांवर चंद्राची तारीख मोजली आणि भरती पुरी व्हायला अजून किती वेळ आहे, ते सांगितलं. शेजारी उभ्या असलेल्या फेरीबोटीच्या माणसानं चमकून तिच्याकडे बघितलं. "बरोबर सांगितलंत," तो म्हणाला, "कुठल्या बोटीवर होता तुम्ही?"

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)